दुखणे ज्याचे, उत्तर त्याचे

मोताळा तालुक्यातील रोहिणखेडहून कर्करोगाच्या उपचारासाठी परळला टाटा रुग्णालयात जायचे, तर मलकापूरला येऊन रेल्वे धरावी लागते. रुग्णासोबत जाड फाइल असते. गाठीचा आकार, रक्ताचे अहवाल, औषधांच्या मात्रा तीत असतात. पण रात्री झोप लागते का, लांबवर चालवते का, भूक आहे का, उपचाराच्या खर्चाने घर किती ओढाताणीत आले, हे तीत क्वचितच सापडते. ते रुग्णाच्याच तोंडून, ठरावीक प्रश्नांनी, मोजता येईल असे नोंदवण्याच्या अभ्यासाकडे वाचकांनी वळावे, म्हणून हे चार शब्द.

१९४९ साली कर्करोगतज्ज्ञ कार्नोफ्स्की यांनी रुग्णाच्या कार्यक्षमतेला शून्य ते शंभर गुण देणारी मोजपट्टी मांडली. गुण देणारे मात्र डॉक्टरच होते. पुढे दृष्टी बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये अनेक देशांना सोबत घेऊन जीवनगुणवत्तेची प्रश्नावली घडवायला घेतली. तिची २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती शरीर, मन, नातीगोती आणि परिसर या चार अंगांनी विचारपूस करते. कर्करुग्णांसाठी युरोपीय संशोधकांची ३० प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आज मराठीतही आहे, आणि त्या कामात टाटा रुग्णालयाचा वाटा आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

नवख्या वाचकांनी आधी अशी एखादी प्रश्नावली स्वतः भरून पाहावी. ‘गेल्या आठवड्यात’ एवढ्या मर्यादेतले उत्तर देताना किती विचार करावा लागतो, ते तेव्हाच उमगते. मग गुणांकनाकडे वळा. इथे एक जागा फसवी आहे: कर्करोगाच्या या प्रश्नावलीत कार्यक्षमतेचे गुण वाढले तर प्रकृती सुधारली, लक्षणांचे वाढले तर त्रास वाढला. आपल्याकडे आणखी एक अडचण असते. आजीला विचारावे, तर उत्तर मुलगाच देऊन टाकतो. ते मायेपोटी असले, तरी ते आजीचे उत्तर नव्हे. वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न सावकाश वाचून दाखवावा, शब्द मात्र बदलू नयेत.

एवढ्या खटाटोपाने साधते काय, हे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे. न्यूयॉर्कमध्ये केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांच्या अभ्यासात एका गटाने आपली लक्षणे नियमितपणे स्वतः कळवली. त्रास वाढला की परिचारिकांना सूचना जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६. विचारून, ऐकून आणि वेळीच दखल घेऊन एवढा फरक पडला.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने कितीतरी घरे गांजली आहेत. त्या आजारासाठीही ३६ प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली आहे. तरुण डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी ती घेऊन या गावांत यावे.