उदय देशपांडे

उदय विश्वनाथ देशपांडे हे मुंबईतील मल्लखांब प्रशिक्षक आहेत. दादर येथील शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र होय. मल्लखांबाच्या प्रसाराबद्दल २०२४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

मल्लखांबाची परंपरा

मल्लखांब हा मूळचा मल्लाचा सराव. एरंडेल तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडी खांबाला जणू प्रतिस्पर्धी मानून मल्ल त्यावर पकडी, उड्या व तोल यांचा अभ्यास करीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या विद्येचा उल्लेख असल्याचे सांगितले जाते. आजचा धाराशिव जिल्हाही तेव्हा चालुक्यांच्याच राज्यात होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवसंजीवनी दिली. समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना १९२५ मध्ये झाली.

कार्य

तालमीतील विद्या पूर्वी बहुधा धडधाकट तरुण पुरुषांपुरतीच राहत असे. देशपांडे यांनी ती स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक, अनाथ व आदिवासी मुले आणि दिव्यांग यांच्यापर्यंत नेली. यांपैकी अंध मुलींचे प्रशिक्षण विशेष उल्लेखनीय आहे. मल्लखांब एरवी पाहून शिकला जातो: गुरू करून दाखवतो, शिष्य अनुकरण करतो. जिला दिसतच नाही, तिला प्रत्येक पकड स्पर्शाने आणि शब्दांनी समजावून द्यावी लागते. दोरीचा मल्लखांब येथे सोयीचा ठरतो, कारण दोरी कोठे आहे हे अंगाला सतत कळत राहते. अर्थात दोरीला गाठ न मारता केवळ अंगाच्या वेढ्यांवर उंचावर स्थिर राहणे डोळसांनाही सोपे नसते.

परदेशांतही त्यांनी शिबिरे घेतली. ५० देशांतील लोकांना मल्लखांबाची ओळख त्यांच्यामुळे झाली. परक्या मातीत हा खेळ रुजायचा, तर पाहुण्यांसमोर चित्तथरारक प्रात्यक्षिके करून भागत नाही. तेथे शिकवणारे तयार व्हावे लागतात आणि सर्वत्र एकच नियम लागतात. स्पर्धेचे नियम व गुणदानपद्धती ठरविण्यातील त्यांचा वाटा म्हणूनच प्रात्यक्षिकांहून अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.

फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली विश्व मल्लखांब स्पर्धा भरली. तिच्या आयोजनात देशपांडे अग्रभागी होते. भारताबाहेरील खेळाडूंनीही तीत भाग घेतला. सांघिक विजेतेपद भारताकडे राहिले.