एका लहान मोटारीची परीक्षा

मोटारीची प्रतिष्ठा तिच्या लांबीवरून ठरते, असा समज पुष्कळ वर्षें रूढ होता. जर्मनींतील मर्सिडीज-बेंझ या कारखान्यानें इ. स. १९९७ मध्यें ‘ए-क्लास’ ही मोटार विक्रीस काढून त्यास छेद दिला. लांबी अवघी साडेतीन मीटरांच्या आसपास, पाठीमागें वर उघडणारें दार, आणि एंजिनाची शक्ति पुढच्या चाकांना. परंतु समोर बिरुद मात्र तेंच, तीन टोकांच्या ताऱ्याचें! धनिकांच्या पंक्तींत मध्यमवर्गाचें पान मांडावें, असाच तो प्रकार होता.

तिची रचना मोठी कल्पक होती. समोरून धडक बसल्यास तिरपें बसविलेलें एंजिन उतारूंच्या अंगावर न येतां खालीं सरकावें, म्हणून तिचा तळ दुहेरी केला होता. त्यामुळें बैठक उंच झाली आणि गुरुत्वमध्यहि वर चढला. कडबा उंच रचलेली बैलगाडी वळणावर कां कलंडते, हें आपल्या गाडीवानास शिकवावें लागत नाहीं.

स्वीडन देशांत एल्क नांवाचें, सांबराच्या जातीचें प्रचंड जनावर अरण्यांतून एकाएकीं रस्त्यावर येतें. त्यास चुकवावयाचें तर चालकास चाक झटक्यानें एका बाजूस व लागलेंच दुसऱ्या बाजूस फिरवावें लागतें. ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या तेथील नियतकालिकाचे परीक्षक मोटारींची हीच परीक्षा घेत. दि. २१ ऑक्टोबर १९९७ रोजीं रॉबर्ट कोलिन हे ए-क्लास घेऊन, ताशीं सुमारें ६० किलोमीटर वेगानें या वळणांत शिरले. आणि मोटार उलथली.

कारखान्यानें प्रथम टायरांकडे बोट दाखविलें. परंतु सत्य फार काळ झांकून राहिलें नाहीं. नोव्हेंबरांत मोटारींचा पुरवठा थांबविण्यांत आला. चाकें व सांगाडा यांस जोडणारी स्प्रिंगांची रचना सुधारली आणि ‘ई. एस. पी.’ ही स्थैर्ययोजना प्रत्येक मोटारींत बसविली. आधीं विकलेल्या मोटारीहि दुरुस्त करून दिल्या.

ही योजना करते काय? चालकानें चाक किती फिरविलें आणि मोटार प्रत्यक्षांत किती वळली, हें ती सतत ताडून पाहते. दोहोंत अंतर पडतांच ती नेमक्या एका चाकाचा ब्रेक आपण होऊन लावते व जरूर तर एंजिनाचा जोरहि कमी करते. मोटार पुन्हां मार्गावर येते.

इ. स. १९९५ मध्यें हीच योजना त्या कारखान्याच्या अत्यंत महागड्या मोटारींत प्रथम आली होती. लहान मोटारीच्या फजितीनें ती सामान्यांच्या वाहनांत उतरली; आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघांत प्रत्येक नव्या मोटारीस ती कायद्यानें सक्तीची झाली.

श्रोतेहो, कठोर परीक्षक कोणासच प्रिय नसतो. परंतु त्या पटांगणावर उलथलेल्या एका मोटारीमुळें पुढें रस्त्यांवर किती संसार उलथण्यावांचून राहिले, याची गणती कोण करील?