ब्रेक ऑइल : काटकसर नको तेथे
मजुरी वाचविण्यासाठी हॅचबॅक मोटारींचे अनेक मालक किरकोळ दुरुस्ती घरीच करतात. एअर फिल्टर वा वायपरची रबरे बदलण्यापुरते ते योग्य, ब्रेकबाबत नव्हे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट-३' प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. मग घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ धरते आणि पेडल खाली जाते. म्हणून ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे. बदलताना नळीत हवा राहिल्यास हाच धोका संभवतो. चुकून इंजिन ऑइल ओतल्यास रबरी सील फुगतात आणि किरकोळ बचतीपायी ब्रेकच्या बहुतेक भागांचा खर्च अंगावर येतो.