खाजकुइली: ठाणे जिल्ह्यासाठी लागवड व काढणीची माहिती

खाजकुइली किंवा कुहिली (संस्कृत नाव कपिकच्छू, शास्त्रीय नाव म्युकुना प्रुरिअन्स) ही शेंगवर्गीय औषधी वेल आहे. मुरबाड व शहापूरच्या जंगलात ती आढळते. बियांत एल-डोपा हे द्रव्य असल्याने कंपवातावरील व शक्तिवर्धक आयुर्वेदिक औषधांत त्यांचा वापर होतो.

बियाण्याची निवड
जंगली वेलीच्या शेंगेवर सोनेरी-तपकिरी, दाट कूस असते. ती त्वचेत टोचून तीव्र खाज व दाह होतो. अशा वेलीची शेतात लागवड करू नये. काढणीला मजूर मिळत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या 'अर्का धन्वंतरी' व 'अर्का अश्विनी' या बिनखाजेच्या जातींचे खात्रीशीर बियाणे घ्यावे.

जमीन व लागवड
पाण्याचा निचरा होणारी वरकस जमीन निवडावी. भातखाचरात पाणी साचून मुळे कुजतात. पावसाच्या सुरुवातीला 1 मीटर × 60 सें.मी. अंतरावर बी टोकावे. वेलीला बांबूचा किंवा तारेचा आधार द्यावा. जमिनीवर पसरलेल्या वेलीच्या शेंगा ओलाव्याने कुजतात. मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र स्थिर होते, त्यामुळे नत्रयुक्त खत बेताने द्यावे.

काढणी
शेंगा हिरव्याच्या तपकिरी झाल्यावर, तडकण्यापूर्वी तोडाव्यात. उन्हात वाळवून, झोडपून बी वेगळे करावे.

जंगलातील शेंगा गोळा करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व चष्मा वापरावा. दव असताना, वारा पाठीवर घेऊन तोडणी करावी. थोड्या शेंगा वेलीवरच ठेवाव्यात. कूस लागल्यास चोळू नये. चिकटपट्टीने काढून थंड पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

विक्री व सावधगिरी
ठाणे, कल्याण येथील वनौषधी व्यापारी किंवा औषध उत्पादकाशी लागवडीपूर्वीच बोलून मागणी, बियांचा रंग व दर निश्चित करावा. पहिल्या वर्षी थोड्याच क्षेत्रावर लागवड करावी.

बी कच्चे खाऊ नये. आयुर्वेदात ते दुधात उकळून, साल काढूनच वापरतात. कंपवाताची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.