घरातल्या मारहाणीची शिक्षा: कोल्हापूर, १९१९

ऑगस्ट १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात एक कायदा झाला. स्त्रीला क्रूरपणे वागवणे हा त्याने गुन्हा ठरवला आणि त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद व २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला. आदल्याच महिन्यात संस्थानाने आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली होती आणि त्याच वर्षी काडीमोडीलाही कायद्याची चौकट मिळाली. राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याची उजळणी करताना आपण १९०२ च्या आरक्षणावर आणि १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर थांबतो. क्रूरतेचा हा कायदा मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. तो अधिक विचारास पात्र आहे. त्याने हात घातलेला प्रश्न आजही प्रत्येक फौजदारी न्यायालयापुढे शिक्षा ठरवण्याच्या वेळी उभा राहतो: बायकोला मारणारा नवरा, परक्याला मारणाऱ्यापेक्षा सौम्य शिक्षेला पात्र आहे का? माझे म्हणणे असे की, नवरा-बायकोचे नाते शिक्षा कमी करण्याचे कारण कधीच ठरू नये. ते मोजायचेच असेल तर गुन्हेगाराच्या विरोधात मोजले जावे.

हे म्हणणे त्या काळात किती वेगळे होते, हे शेजारच्या ब्रिटिश मुलखाकडे पाहिले की कळते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दुखापतीची कलमे होती आणि बायकोला मारहाण करणाऱ्याला त्यांतून सूट दिलेली नव्हती. पण जिथे जिथे नवऱ्याला जबाबदार धरण्याची वेळ आली, तिथे लग्न त्याच्या मदतीला धावून आले. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. दहा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत बलात्काराचा आरोपच ठेवता येत नव्हता, म्हणून त्या प्रौढ पुरुषाला किरकोळ कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याआधी, १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला होता. तो खटला दिवाणी होता, हे खरे. तरीही नांदायला नकार देणाऱ्या स्त्रीसाठी तुरुंगाची तरतूद होती आणि ती कायद्यातून पुरती गेली १९२३ मध्ये. म्हणजे कोल्हापूरने क्रूर वागणाऱ्याला ६ महिन्यांची कैद सांगितली, तेव्हा ब्रिटिश हद्दीत नांदायला न जाणाऱ्या बायकोच्या डोक्यावर कैदेची टांगती तलवार अजून होतीच. कैदेची मुदत दोन्हीकडे सारखीच. फक्त गुन्हेगार कोण, याचे उत्तर एका मराठी संस्थानाने उलटे दिले.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, हा एका संस्थानिकाने वरून केलेला कायदा होता, शिक्षाही मामुली होती आणि गावकी-भावकीच्या धाकात किती बायका कचेरीची पायरी चढणार होत्या? आक्षेपात तथ्य आहे. पंचांसमोर समजूत घालून मुलीला पुन्हा सासरी धाडण्याची रीत एका हुकुमाने मोडत नाही. पण कायद्याचे मोल केवळ खटल्यांच्या संख्येवर ठरत नाही. राज्य कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणते, यावरून लोकांना आपल्या तक्रारीचे वजन कळते. शिवाय शाहू महाराजांनी शिक्षा एकटी ठेवली नाही. काडीमोडीची वाट खुली केली आणि विधवाविवाहाला १९१७ मध्येच कायद्याचा आधार दिला होता. घराबाहेर पडायला दारच नसेल तर नवऱ्याला झालेली कैद सुटून आल्यावर बायकोच्याच अंगावर उलटते. हे सगळे कायदे मोजक्या वर्षांत झाले, त्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करायला हवा. उर्वरित देशाला अशा कलमासाठी १९८३ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा ४९८-अ आले, ३ वर्षांपर्यंत कैद आली. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे.

या कलमात कमाल शिक्षा आहे, किमान नाही. त्यामुळे सारा भार न्यायाधीशाच्या विवेकावर पडतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषसिद्धीनंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले आणि १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहावी असे सांगितले. हे दोन्ही योग्यच होते. कोवळे वय, मानसिक आजार, कृतीतून दिसणारा पश्चात्ताप यांची दखल न घेणारा न्याय हा न्याय नव्हे. अडचण येते ती नात्यालाच परिस्थिती मानले जाते तेव्हा. दिल्लीतल्या १९९५ च्या तंदूर हत्याकांडात, म्हणजे नवऱ्याने केलेल्या पत्नीच्या खुनाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली. फाशी टळली याबद्दल माझी तक्रार नाही. पण बिघडलेल्या वैयक्तिक संबंधांतून घडलेला हा खून समाजाविरुद्धचा गुन्हा नव्हे, असे त्या निकालात म्हटले गेले. पत्नीचा खून समाजाविरुद्ध नसेल तर पत्नी समाजात मोडते कुठे? घरात घडले ते खासगी, या जुन्या समजुतीने इथे कायद्याची भाषा घेतली आहे.

नाते विरोधात का मोजावे, याची कारणे व्यवहारातली आहेत. परक्याने मारले तर माणूस घरी जाऊन दार लावून घेऊ शकतो; इथे मारणारा दाराच्या आतच असतो. बाईचा पैसा, मुले आणि डोक्यावरचे छप्पर त्याच्या हाती असते आणि तिने ठेवलेल्या विश्वासाचाच तो हत्यारासारखा वापर करतो. इंग्लंडमध्ये २०१८ पासून लागू असलेली शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वे नेमके हेच सांगतात: घरगुती संदर्भामुळे गुन्हा अधिक गंभीर ठरतो. छळ वारंवार झाला असेल तर बाहेरच्या चांगल्या वर्तणुकीला तिथे महत्त्व उरत नाही. आपल्याकडे ‘पहिलाच गुन्हा’ हे म्हणणे सहज मान्य होते. पण घरातल्या मारहाणीत पहिला असतो तो पहिला खटला, पहिली मारहाण नव्हे. दारूचेही तसेच. स्वतःहून केलेली नशा आपला कायदा बचाव मानत नाही. मग ती शिक्षा ठरवताना मागच्या दाराने का यावी? छळाचा इतिहास मोजण्याचा हाच नियम उलट बाजूनेही लागू व्हायला हवा. वर्षानुवर्षे मार खाल्लेली बाई आरोपी म्हणून उभी राहते, तेव्हा तो इतिहास तिची शिक्षा सौम्य करण्याचे रास्त कारण आहे. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाचा असा विचार केलेला आहे.

सर्वांत बळकट आक्षेप मात्र पोटाचा आहे. कर्ता पुरुष तुरुंगात गेला तर चूल कशी पेटणार? पुष्कळदा बायकोच न्यायालयात येऊन त्याला सोडा म्हणते. तिचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. पण ज्याच्याकडे तिला परत जायचे आहे त्याच्या देखत दिलेली माफी मोकळ्या मनाची आहे, हे न्यायालय कशावरून ठरवणार? पोटाचा प्रश्न पोटगी, नुकसानभरपाई आणि २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील निवासाच्या हक्काने सोडवायचा असतो. तो शिक्षा कमी करून सोडवला, तर नवऱ्याच्या गुन्ह्याची किंमत बायकोच्या गरजेतून फेडली जाते. खोट्या फिर्यादींचा मुद्दा इथे गैरलागू आहे. पुरावा तपासण्याची जागा दोषसिद्धीच्या आधी आहे. शिक्षेचा प्रश्न गुन्हा शाबीत झाल्यावरच येतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात काम करते आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली अपिले आता इथे चालतात. शिक्षेच्या मुद्द्यावर या बेंचने खालच्या न्यायालयांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा. शिक्षा कमी केली तर त्याचे कारण निकालात स्पष्ट लिहिले जावे, आणि त्या कारणाआधी छळ किती काळ चालला होता याची नोंद असावी. ‘आरोपी तिचा नवरा आहे’ हे वाक्य त्या निकालात यायचेच असेल, तर ते शिक्षा वाढवणाऱ्या कारणांखाली यावे.