कृष्णाकाठची पिशाचे आणि परगावी आलेले कुमारवय : सातारा-सांगली परिसरातील लोकसमजुतींचा ऐतिहासिक विचार

पिशाचांविषयीच्या समजुती हा लोकसाहित्याचा किंवा मानसशास्त्राचा विषय समजला जातो. इतिहासाचा अभ्यासक सहसा त्याच्या वाटेस जात नाही. भूत आहे की नाही, हा प्रश्न इतिहासाचा नव्हे हे खरेच. परंतु एखाद्या प्रदेशातील लोक कोणत्या भुतांना भीत असत, ती भुते कोठे राहतात असे मानीत आणि ती कोणाला धरतात असे सांगत, हे तीन प्रश्न मात्र निःसंशय इतिहासाचे आहेत. भूत काल्पनिक असले तरी भीती खरी असते, आणि ज्या मरणावरून त्या भुताची कल्पना निघाली ते मरणही खरे असते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील पिशाचकल्पनांचा, कुमारवयात नव्या गावी येऊन राहिलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने, विचार करावयाचा आहे.

या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करण्यास कारण आहे. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. पटवर्धनांचे सांगली संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. पुढे १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे राजकीय सीमा वेळोवेळी बदलत गेल्या. पण कृष्णा, कोयना, वारणा व येरळा या नद्यांच्या खोऱ्यांतील गावांची ठेवण सर्वत्र जवळजवळ एकच राहिली : घरांची पांढरी, शेतांची काळी, वेशीजवळ मारुती, पिंपळाचा पार, गावविहीर, नदीचा डोह, मसणवट आणि सर्वांभोवती शीव. पिशाचांची वस्तीही याच ठेवणीवर बसविलेली आढळते.

२

गावच्या माणसाला ही वस्ती पाठ असे. पिंपळावर मुंजा, विहिरीवर किंवा चिंचेवर हडळ, डोहात गिऱ्हा, पाण्याच्या काठी साती आसरा, माळावर रात्री वाट चुकविणारा चकवा, शिवेवर वेताळ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा अनेक नावांची नोंद आहे, यावरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही परिभाषा पूर्णपणे रूढ झालेली होती असे दिसते.

या नामावळीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ती अशी की यांतील सर्वांत परिचित पिशाचे वयाने लहान आहेत. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज होण्यापूर्वीच मेलेला ब्राह्मण मुलगा. तो धड बाळ नव्हे, धड गृहस्थही नव्हे. एका संस्कारातून बाहेर पडला आणि दुसऱ्यापर्यंत पोचला नाही. अळवंत, हडळ, जखीण ही नावे प्रांतपरत्वे थोड्याफार वेगळ्या अर्थाने वापरली जातात. तथापि बाळंतपणात अथवा त्यानंतरच्या सुतकाच्या दिवसांत दगावलेली स्त्री हा या कल्पनांचा गाभा आहे. ज्या काळी मुलीचे लग्न दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आत होई आणि पहिले बाळंतपण पंधराव्या-सोळाव्या वर्षी येई, त्या काळी अशी मरण पावलेली स्त्री पुष्कळदा आपल्या आजच्या हिशेबाने शाळकरी मुलगीच असे. सुईणीच्या हातची अस्वच्छता, सूतिकाज्वर, रक्तस्राव आणि न वाढलेले शरीर ही त्या मरणाची कारणे आज आपण सांगू शकतो. गावाने ती कारणे सांगितली नाहीत. तिच्या मरणाची आठवण मात्र विहिरीच्या काठी, उलट्या पावलांच्या रूपाने, पिढ्यान् पिढ्या जपली.

अर्थात हा नियम सर्व पिशाचांस लागू पडत नाही. धनाला चिकटून राहिलेला समंध, विद्येच्या अहंकाराने भ्रष्ट झालेला ब्रह्मराक्षस, खवीस किंवा भूतांचा अधिपती वेताळ हे कुमारवयीन नव्हेत. परंतु घरोघरी ज्यांची नावे घेऊन मुलांना दटावीत, ती मुंजा व हडळ ही दोन पिशाचे अर्ध्या वाटेत मेलेल्या मुलाची व मुलीची आहेत, एवढे म्हणावयास हरकत नाही.

३

आता ती कोणाला धरतात हे पाहू. लोकसमजुतीप्रमाणे पिशाच वाटेल त्याला धरीत नाही. हळद लागलेली वधू व वर यांनी रात्री एकट्याने बाहेर पडू नये. वराने हातात कट्यार बाळगावी व तिच्या टोकास लिंबू खोचावे. गरोदर स्त्रीने तिन्हीसांजेस विहिरीवर जाऊ नये. बाळंतिणीच्या उशाशी लोखंडी वस्तू असावी. नवख्याने पाराखाली निजू नये. या सर्व निषेधांचा रोख एकाच दिशेने आहे. ज्याची एक अवस्था संपली व दुसरी सुरू झालेली नाही, त्याला धोका आहे. म्हणजे जो ज्या उंबरठ्यावर मेला, तो त्याच उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जिवंत माणसाला गाठतो.

या उंबरठ्यास स्थळाचीही जोड होती. लग्नाचे वऱ्हाड शिवेपाशी आले म्हणजे सीमांतपूजन होई; वर प्रथम मारुतीच्या दर्शनास जाई. नवी सून सासरच्या गावी आली की नारळ फोडीत, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकीत आणि मगच तिला उंबरठा ओलांडू देत. शीव ओलांडणे हे संकट आहे, ही जाणीव या विधींत उघड दिसते. सासरच्या गावची वस्ती तिला पाठ नसे. कोणती विहीर वाईट, कोणत्या चिंचेखालून दुपारी जाऊ नये, हे तिला सासू-नणंदा सांगत. आणि ते सांगण्यात सावधगिरीइतकाच धाकही असे. माहेरी ज्या पोरीला भुतांचे पत्ते ठाऊक होते, ती येथे त्यांच्या राज्यात परकी होऊन येई.

अशा सुनेच्या अंगात आले म्हणजे काय होई? तिचे डोळे फिरत, ती मोठ्याने बोले, सासऱ्याचे नाव घेई, एरवी जे मागण्याची छाती झाली नसती ते मागे. घर मग देवऋषी आणी, अंगारा लावी, उतारा टाकी; तेवढ्याने भागले नाही तर तिला कृष्णाकाठच्या औदुंबरास किंवा कृष्णा-पंचगंगा संगमावरील नरसोबाच्या वाडीस नेत. कित्येकदा मारहाण होई, मिरचीची धुरी दिली जाई. हे सर्व भुताला होत आहे अशी मारणाऱ्याची समजूत असे. सोसावे मात्र त्या मुलीला लागे. तथापि त्या काळात तिच्या तक्रारीकडे साऱ्या घराचे लक्ष वेधणारा हाच एक मार्ग तिच्यापुढे मोकळा होता, हे इतिहासाने नोंदविले पाहिजे. स्वतःच्या तोंडाने जे तिला बोलता येत नव्हते, ते हडळीच्या तोंडाने बोलता येई.

मुलांचे परगावी येणे वेगळ्या कारणाने घडे. सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज, सांगली येथे विद्येसाठी आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून अथवा माधुकरी मागून जेवी आणि कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात निजे. मुंजाचे वय ते त्याचे वय. घर सोडून आलेल्या, अर्धपोटी, रात्री पाराजवळून एकट्याने परतणाऱ्या मुलास पिंपळाची सळसळ काय सांगत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

४

या भीतीवरील उपायांचा इतिहास पाहिला म्हणजे तिचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पहिला मोठा उपाय सतराव्या शतकातला आहे. समर्थ रामदास परंपरेनुसार वयाच्या बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघाले आणि नाशिकजवळ टाकळी येथे राहिले. म्हणजे ते स्वतःच परगावी आलेले कुमार होते. पुढे कृष्णाखोऱ्यात आल्यावर त्यांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत : चाफळ येथे दोन आणि शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव व शिंगणवाडी येथे प्रत्येकी एक. बहे व बत्तीस शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात, तर मनपाडळे व पारगाव येथील दोन कोल्हापूर जिल्ह्यात येतात. या मारुतींच्या स्थापनेकडे बलोपासना व लोकसंघटन या दृष्टीने पाहण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु समर्थांच्या सुप्रसिद्ध मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत पिशाचबाधेच्या निवारणाचे आश्वासन आहे, हेही विसरता कामा नये. ज्याला देवऋष्यास द्यावयास पैसा नाही, ज्याच्या जवळ आप्त नाही, अशा मुलासही हे स्तोत्र पाठ करता येत होते. रात्रीच्या वाटेवर ते त्याची सोबत करी. भुताचे अस्तित्व येथे नाकारलेले नाही; मात्र त्याच्याशी सामना करण्याचे साधन मध्यस्थाच्या हातून काढून मुलाच्या जिभेवर ठेवले आहे.

दुसरा उपाय विचाराचा. कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी विद्यार्थिदशा कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी गावोगाव काढली. १८८८ साली सुरू केलेल्या ‘सुधारका’तून त्यांनी रूढी व अंधविश्वास यांवर बुद्धीचा प्रखर प्रकाश टाकला. चिडलेल्या विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, ही घटना प्रसिद्ध आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, तो म्हणजे बालविवाहास विरोध. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला व त्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. कायदा झाला म्हणजे आचार लगेच बदलतो असे नव्हे. तथापि सुनेचे वय वाढणे, सुशिक्षित सुईण व रुग्णालय जवळ येणे, या गोष्टींनी ज्या मरणातून हडळ जन्मास येई ते मरणच कमी होत गेले. हडळीला पळविण्याचे श्रेय मांत्रिकापेक्षा या बदलांना अधिक दिले पाहिजे.

तिसरा उपाय सहवासाचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्यास १९२४ साली वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची खेड्यांतील मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत व एकत्र जेवीत. या कार्याचे जातिभेदनिवारण व शिक्षणप्रसार या अंगांनी पुष्कळ विवेचन झाले आहे. त्यास एक लहानशी पुस्ती जोडावीशी वाटते. ओसरीवर एकटा निजणारा माधुकरी आणि ओळीने अंथरुणे टाकून निजणारी पन्नास मुले यांच्या रात्री सारख्या नसतात. वसतिगृहातही भुतांच्या गोष्टी होत असणारच. पण तेथे ती गोष्ट असते, सांगणारा असतो आणि हसणाराही असतो. परगाव हे परके राहिले नाही, की पिंपळही हळूहळू झाड होतो.

५

भीतीचा हा इतिहास संपला आहे असे मात्र म्हणता येत नाही. घरात अकस्मात कपडे पेटणे, दगड पडणे, अन्नात घाण सापडणे, अशा भानामतीच्या तक्रारी विसाव्या शतकाच्या अखेरीसही येत होत्या. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. भानामतीमागे घरातीलच कोणी व्यक्ती असते, पुष्कळदा ती मनाच्या ताणाखाली दबलेली असते आणि तिला शिक्षेची नव्हे तर समजुतीची व उपचाराची गरज असते, अशी या चळवळीची भूमिका आहे. अंगात येणाऱ्या सुनेविषयी वर जे म्हटले, त्याच्याशी ही भूमिका जुळते. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने, भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये दंडनीय ठरविली. जे शतकानुशतके भुताला दिले जात आहे असे मानले जाई, ते माणसाला दिले जात आहे, असे प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

एकंदरीत असे दिसते की कृष्णाकाठची ही भयंकर पिशाचे म्हणजे वाटेत राहून गेलेल्या मुलामुलींची गावाने ठेवलेली ओबडधोबड नोंद आहे. मृत्यूच्या वह्यांत ज्यांची नावे नाहीत, बखरींत व दफ्तरांत ज्यांस स्थान नाही, अशा बाळंतिणी व बटू पिंपळावर आणि विहिरीवर राहिले. आणि त्यांच्याच वयाची, त्यांच्याइतकीच एकाकी मुले परगावी आली तेव्हा त्यांना ते दिसले. आपल्या ग्रामेतिहासाच्या साधनांत शिलालेख, सनदा व वंशावळी यांच्याबरोबरच गावोगावच्या ‘वाईट’ विहिरींची व झाडांचीही टिपणे घेतली पाहिजेत. त्या जागा दाखविणारी वृद्ध माणसे आता थोडीच उरली आहेत, आणि त्या जागांपाशी कोण मेले हे सांगणारी त्याहून थोडी.