बसला म्हणजे जुळला असं नाही

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींना एक प्रश्न हमखास पडतो. बेसमेंटमधल्या राखाडी डब्यातला एक सर्किट ब्रेकर बदलायचा असतो. डब्याच्या दारावर जिचं नाव आहे ती कंपनी कधीच गायब झालेली असते. आणि दुकानात मिळणारा दुसऱ्याच कंपनीचा ब्रेकर त्या जागेत 'टक्' करून व्यवस्थित बसतो. मग लावायला काय हरकत आहे? गेल्या महिन्यात एका मित्राने मला हेच विचारलं. मी पडलो कोड लिहिणारा माणूस, पण प्रश्न डोक्यात जाऊन बसला आणि दोन वीकेंड त्यात गेले. हाती जे लागलं ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न वायरिंगचा कमी आणि इतिहासाचा जास्त निघाला.

पुण्या-मुंबईत हा प्रश्न पडतच नाही. एखादा एम.सी.बी. गेला तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तेवढ्याच अँपिअरचा, मिळेल त्या कंपनीचा आणायचा आणि ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर अडकवायचा. ही पट्टी मूळची जर्मन, 'डिन रेल' म्हणतात तिला. ब्रेकरची रुंदीही ठरलेली, साधारण १८ मिलिमीटर. अमेरिकेत मात्र प्रत्येक कंपनीचा खाचा वेगळा. असं का झालं?

सुरुवात एडिसनपासून. (आपली निम्मी जनता ज्या एडिसन गावात राहते, त्याच गावात त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती. गावाला त्याचं नाव १९५४ मध्ये मिळालं.) १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र चालू केलं. आपोआप तुटणाऱ्या सर्किट ब्रेकरची कल्पना त्याने १८७९ मध्येच मांडली होती, पण प्रत्यक्षात वापरला तो फ्यूज. प्रवाह वाढला की वितळणारी तार. स्वस्त आणि मस्त.

पुढे अमेरिकन घरांत जो फ्यूज रुळला त्याला बल्बसारखेच आटे असत. कुठल्याही कंपनीचा फ्यूज कुठल्याही डब्यात बसे. वाचायला छान वाटतं ना? गडबड अशी, की १५ अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूजही तितक्याच सहज बसे. मग वारंवार फ्यूज उडायला लागला की लोक मोठा फ्यूज लावून मोकळे. काही बहाद्दर तर फ्यूजच्या मागे चक्क एक सेंटचं तांब्याचं नाणं सरकवत. दिवे लागत, फ्यूज उडत नसे आणि भिंतीतली वायर गुपचूप तापत राही. आपण हसायचं कारण नाही. पांढऱ्या किटकॅट फ्यूजला जाड तांब्याची तार गुंडाळून 'आता बघू कसा उडतो ते' म्हणणारे काका प्रत्येक वाड्यात होते.

यावर अमेरिकेत उपाय निघाला तो 'टाइप एस' फ्यूजचा. डब्यात एक अडॅप्टर कायमचा बसवायचा, की मग १५ च्या जागी २० अँपिअरचा फ्यूज शिरतच नाही. म्हणजे न बसणं हीसुद्धा एक सुरक्षा असते, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं होतं.

तिकडे जर्मनीत, मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कंपनीने १९२४ मध्ये आजच्या एम.सी.बी.च्या पूर्वजाचं पेटंट घेतलं. त्याच्या पोटात दोन रखवालदार होते. थोडा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला तर दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि सर्किट तोडते. शॉर्ट सर्किट झालं तर विद्युतचुंबक क्षणात तोडतो. आजही हेच तत्त्व आहे. गंमत म्हणजे हा ब्रेकर फ्यूजच्याच जागी आट्यांनी फिरवून बसवता येत असे.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं धडाधड उभी राहिली आणि फ्यूजची जागा ब्रेकरच्या पॅनेलने घेतली. इथे वाटा फुटल्या. आतल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीला, म्हणजे बस बारला, ब्रेकर कसा पकडणार हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. स्क्वेअर डीचा क्यूओ १९५५ मध्ये आला, त्याची रुंदी पाऊण इंच. बहुतेक इतरांची एक इंच. आज ईटन एकटीच दोन जाती विकते, सीएच आणि बीआर. एकाच कंपनीच्या, पण एकीचा ब्रेकर दुसरीच्या पॅनेलला चालत नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेंडर लॉक-इन. एकदा भिंतीत पॅनेल बसलं की पुढची पन्नास वर्षं ब्रेकर त्याच कंपनीचे.

आणि मग कंपन्याच विकल्या गेल्या. झिन्स्को १९७३ मध्ये जीटीई-सिल्व्हेनियाकडे गेली, स्क्वेअर डी १९९१ मध्ये श्नायडरकडे, वेस्टिंगहाऊसचा हा धंदा १९९४ मध्ये ईटनकडे, जीईचा २०१८ मध्ये एबीबीकडे. म्हणून जुना ब्रेकर शोधणं म्हणजे वंशावळ शोधणं. काही घराण्यांचे वारस आहेत, काहींचे वंश खुंटले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक इंची ब्रेकर बरेचसे सारखेच दिसतात आणि एकमेकांच्या पॅनेलमध्ये बसतातही. पण पकड किंचित सैल असेल तर त्या सांध्यावर उष्णता तयार होते. ती वायरमधली नसल्यामुळे ब्रेकर तिच्यासाठी तुटेलच असं नाही. म्हणूनच अमेरिकन वीजसंहिता सांगते, की उपकरण ज्या वापरासाठी तपासून मान्य झालंय त्यासाठीच वापरा. कुठल्या जातीचे ब्रेकर मान्य आहेत, ते पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं. तोच खरा करार, 'टक्' हा आवाज नव्हे.

पण करारच खोटा असेल तर? ही गोष्ट एडिसन गावापासून फार लांबची नाही. नेवार्कच्या फेडरल पॅसिफिक इलेक्ट्रिकने 'स्टॅब-लोक' नावाची पॅनेल्स काही दशकं अमेरिकेतल्या असंख्य घरांत बसवली. ब्रेकरवर यूएलचा शिक्का होता. या शिक्क्याचा अर्थ असा, की घरगुती आकाराचा ब्रेकर १३५ टक्के प्रवाहाला एका तासात आणि ३० अँपिअरपर्यंतचा ब्रेकर २०० टक्क्यांना दोन मिनिटांत तुटला पाहिजे. १९७९ मध्ये ही कंपनी रिलायन्स इलेक्ट्रिकने घेतली (आपली रिलायन्स नव्हे :-)), आणि १९८० मध्ये नव्या मालकानेच जाहीर केलं, की यूएलची मान्यता फसवणुकीने मिळवली गेली होती. सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने चौकशी केली. चाचण्यांत ब्रेकर नापास झाले. तरीही मार्च १९८३ मध्ये फाइल बंद झाली. आयोग म्हणाला, धोका आहे की नाही हे ठरवण्याइतकी माहिती नाही, ती जमवायला आणखी काही दशलक्ष डॉलर लागतील आणि आमचं वर्षाचं बजेटच ३४ दशलक्ष आहे. २००२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने सामूहिक दाव्यात कंपनीला ग्राहक फसवणुकीबद्दल दोषी धरलं. पण पॅनेल परत बोलावण्याची सरकारी मोहीम काही निघाली नाही. भिंतीतले डबे भिंतीतच राहिले.

हे इतकी वर्षं खपलं कसं? कारण वाईट ब्रेकर आणि चांगला ब्रेकर रोजच्या वापरात हुबेहूब सारखे वागतात. दोघंही काहीच करत नाहीत! दिवे लागतात, फ्रिज चालतो. फरक कळतो तो एकाच दिवशी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. 'तीस वर्षं काही झालं नाही' हा ब्रेकरच्या बाजूने पुरावा होऊच शकत नाही. ज्या एरर हँडलरवर कधी एररच आली नाही, तो बरोबर आहे असं आपण तरी म्हणू का?

तर मित्राला दिलेलं उत्तर असं. आधी दाराआतला कागद वाच. त्यात लिहिलेल्या जातीचा ब्रेकर आजही बनत असेल, मग नाव ईटनचं असो की सीमेन्सचं, तोच घे. नसेल तर 'क्लासिफाइड' ब्रेकर बघ. हे दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलसाठी मुद्दाम तपासलेले असतात आणि कुठल्या पॅनेलला चालतात त्याची यादी सोबत येते. यादीत तुझं मॉडेल नसेल तर विषय संपला. आणि पॅनेल स्टॅब-लोक किंवा झिन्स्को असेल तर नवा ब्रेकर शोधूच नकोस. तो बाजारात मिळतो, पण ब्रेकर नवा झाला तरी बस बार जुनाच राहतो. तिथे परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोलावून, टाउनशिपचं परमिट काढून अख्खं पॅनेल बदलायचं. खर्च काही हजार डॉलर. घर घेण्याआधी लक्षात आलं तर किंमत ठरवतानाच हा मुद्दा काढायचा.

आट्यांच्या फ्यूजमध्ये काहीही बसायचं, म्हणून घरं जळली. अमेरिकन पॅनेलमध्ये फक्त एकाचंच बसतं, म्हणून कंपनी बुडाली की घरमालक अडकतो. डिन रेलने मधली वाट काढली खरी, पण तिथेही शेवटी भरवसा ठेवायचा तो शिक्क्यावरच. आणि शिक्का खरा आहे की नाही, हे कुणीतरी मधूनमधून तपासत राहावं लागतं.